आधी लस, मग कोरडं खुराडं, अंड्यांचं नंतर

प्रश्न: आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. परड्यात बारा कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. कोंबड्यांतल्या चार गिरीराज, बाकी आठ गावठी. मे महिन्यात दिवसाला पाच-सहा अंडी मिळायची, पाऊस लागल्यापासून दोनवर आली. त्यातही एखादं मऊ कवचाचं निघतं आणि एक-दोन कोंबड्या अंडी फोडून खातात. खुराड्यात उग्र वास येतो. दोन गावठी खुडूक बसल्यात, त्यांच्याखाली अंडी ठेवू का? वरच्या वाडीत गेल्या आठवड्यात मानमोडीने बऱ्याच कोंबड्या मेल्या. आमच्या कोंबड्यांना आजवर लस दिलेली नाही. दुकानातून अँटिबायोटिकची पावडर आणून ठेवलीय, ती पाण्यातून सुरू करू का?

उत्तर: ताई, तुम्ही पत्र अंड्यांपासून सुरू केलंत आणि मानमोडी शेवटी लिहिलीत. आम्ही उत्तर उलटीकडून देतो, कारण वरच्या वाडीतली मानमोडी तुमच्या परड्यात उतरली तर अंड्यांचा प्रश्नच उरणार नाही. लस न दिलेल्या कोंबड्यांत हा रोग शिरला की आठवडाभरात खुराडं रिकामं होऊ शकतं.

पावडर देऊ नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूमुळे होते आणि अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. उलट औषधाचा अंश अंड्यांत उतरतो आणि ती अंडी तुमच्याच घरात खाल्ली जातात. हळद, लसूण, कांदा द्यायची पद्धत असेल तर चालू ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. या रोगावर औषध नाही. लागण व्हायच्या आधी दिलेली लस एवढाच उपाय आहे.

उद्याच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. वरच्या वाडीत मर झाली आहे हे त्यांना स्पष्ट सांगा आणि ‘लासोटा’ लस मागा. दुसरी एक लस असते, ‘आर-टू-बी’, पंखाखाली टोचायची. ती जास्त ताकदीची आहे. पण कधीच लस न मिळालेल्या, अंड्यावर असलेल्या (म्हणजे अंडी देत असलेल्या) कोंबडीला थेट तीच टोचली तर अंडी बंद पडतात आणि अशक्त कोंबडी आजारीही पडते. म्हणून आता लासोटा. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात पिसं झडून अंडी आपोआप थांबतील, तेव्हा पशुवैद्यकांना विचारून आर-टू-बी. ती टोचायच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं लागतं. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना आर-टू-बी कधीही टोचत नाहीत.

लासोटाची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते. तुम्हाला चौदाच लागणार, म्हणून जाण्याआधी वाडीत विचारा आणि एकाच दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्या. कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा, खिशात किंवा गाडीच्या डिकीत नको. लस फसण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे: दवाखान्यात ती २ ते ८ अंश तापमानाला ठेवलेली असते, आणि तासभर उन्हात किंवा इंजिनाच्या उष्णतेत राहिली की आतला जिवंत विषाणू मरतो. मग तुम्ही कोंबडीच्या डोळ्यात नुसतं पाणी घालत असता. कुपी फोडून सोबतच्या थंड द्रावणात मिसळली की दोन तासांच्या आत संपवायची. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही.

वेळ संध्याकाळची, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर. पकडायला धावाधाव होत नाही आणि एकही सुटत नाही. एकाने कोंबडी काखेत धरायची, डोकं आडवं करायचं. दुसऱ्याने वरच्या डोळ्यात एक थेंब सोडायचा आणि कोंबडी पापणी मिटून उघडेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. थेंब गालावरून ओघळला तर पुन्हा घाला. पाण्यातून लस देण्याची पद्धतही आहे, पण ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असतं आणि ते लस मारतं. शिवाय कोण किती पाणी प्यालं ते कळत नाही. चौदा कोंबड्यांना डोळ्यात थेंबच बरा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि तोवर स्वतःच्या डोळ्यांना हात लावू नका. लसीमुळे माणसाचेही डोळे लाल होऊन चुरचुरतात. रिकामी कुपी उकळून पुरून टाका.

वाडीत लस देत फिरताना आधी निरोगी घरं घ्या. जिथे कोंबडी आजारी आहे त्या घरात त्या दिवशी जाऊ नका, कारण चपला आणि हात यांवरूनच हा रोग एका परड्यातून दुसऱ्यात जातो. लस दिल्यावर दोन-तीन दिवस एखादी कोंबडी शिंकेल, ते साधं आहे. संरक्षण तयार व्हायला मात्र आठ-दहा दिवस लागतात. ज्या कोंबडीत रोग आधीच शिरलेला असेल ती लस देऊनही मरेल. अशी एखादी मेली की ‘लसीनेच मारली’ अशी बोलवा होते आणि पुढच्या वर्षी वाडीत कुणी लस घेत नाही. हे शेजाऱ्यांना आधीच समजावून ठेवा.

लस दिल्यापासून किमान पंधरा दिवस कोंबड्या मोकळ्या सोडू नका. वरच्या वाडीतून कोंबडी, अंडी, खाद्याचं पोतं काहीही आणू नका आणि आठवडी बाजारातून नवीन कोंबडी तर मुळीच नको. अशा वेळी लोक आजारी कोंबडी मरायच्या आत कापून खातात. पिसं, आतडी आणि धुतल्याचं पाणी परड्यात पडतं, कावळे आणि कुत्रे ते चार घरांत पोचवतात. मेलेली कोंबडी तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. आणि एकाच दिवशी चार-पाच कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तर हात न लावता दवाखान्याला कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून अशी मर तपासून घेणं पशुसंवर्धन खात्यालाही महत्त्वाचं वाटतं. त्यात तुमच्यावर कसला ठपका येत नाही.

आता खुराडं. उग्र वास येतो असं लिहिलंत, तो अमोनिया आहे. विष्ठा आणि ओल एकत्र आली की तो तयार होतो. उभ्याने वास घेऊ नका, कोंबडीच्या उंचीला वाकून घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर रात्रभर त्यात बसणाऱ्या कोंबडीच्या श्वासनळीचं अस्तर सोललं जात असतं, आणि मानमोडीसकट श्वासाचे सगळे रोग तिथूनच आत शिरतात. म्हणून लसीनंतर लगेच हे काम.

जुनं भिजलेलं तूस संपूर्ण काढा आणि लांब, शेणखताच्या खड्ड्यात टाका. जमीन कोरडी झाली की विरी चुना (पाण्याने आधीच विझवलेला) भुरभुरवा, वीस चौरस फुटांना साधारण एक किलो. कळीचा चुना वापरू नका. तो ओलीने तापतो आणि कोंबड्यांचे पाय भाजतात. वर भाताचं कोरडं तूस तीन-चार इंच पसरा आणि रोज सकाळी कोंबड्या बाहेर गेल्या की काठीने किंवा पंजाने खालवर करा. तूस मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर ओल जास्त आहे, मूठ उघडल्यावर हलकेच सुटलं तर बरोबर. बसायच्या दांड्याखाली सर्वांत जास्त विष्ठा पडते. तिथे जुनं पोतं अंथरून रोज झटकलंत तर तूस दुप्पट टिकतं.

पण तूस बदलून भागणार नाही, पाणी कुठून येतं ते शोधा. कोकणात ते तीन वाटांनी येतं. पहिली वाट जमिनीची: खुराडं परड्याच्या पातळीला असेल तर खालून ओल चढत राहते. चिऱ्याचे दोन थर देऊन ते दीड-दोन फूट उचला. दुसरी पागोळ्यांची: छप्पर भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट हवं, नाहीतर पागोळीचं पाणी उडून आत येतं. तिसरी झडीची, आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. झड नैऋत्येकडून येते म्हणून लोक खुराडं चारही बाजूंनी ताडपत्रीने गुंडाळतात. पाणी थांबतं, पण हवाही थांबते, आणि ओल आतच कोंडते. नैऋत्येची बाजू झापाने किंवा ताडपत्रीने पूर्ण बंद करा, समोरची बाजू मात्र जाळीची उघडी ठेवा. बंद बाजूंनाही छपराखाली फूटभर जाळी राहू द्या. कोंबडीला थंडी सोसते, कोंदटपणा सोसत नाही.

पिण्याचं भांडंही खूप ओल करतं. ते कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असं विटांवर ठेवा, म्हणजे त्यात पाय जात नाहीत आणि सांडत नाही.

जागेचं मोजा. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दीड चौरस फूट जागा पुरते, म्हणजे चौदांना एकवीस. पण आता पंधरा दिवस कोंडून ठेवायच्या आहेत, तेव्हा प्रत्येकीला तीन चौरस फूट तरी लागतील, एकूण बेचाळीस. खुराडं तेवढं नसेल तर दिवसा मांगराचा किंवा पडवीचा एक कोपरा जाळी लावून द्या. गर्दीत ठेवल्या तर चार दिवसांत एकमेकींची पिसं उपटायला लागतील. बसायला दीड-दोन इंच जाडीची गोल दांडी, प्रत्येकीला नऊ इंच, म्हणजे साडेपाच फुटांच्या दोन दांड्या, दोन्ही एकाच उंचीला. एक वर आणि एक खाली लावली तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी ठरलेली. आणि याच कोपऱ्यात एका घमेल्यात चुलीची थंड राख आणि कोरडी वाळू ठेवा. पावसात त्यांना धुळीत लोळायला मिळत नाही म्हणून उवा वाढतात. गुदद्वाराभोवतीची पिसं उलटी करून पाहा, मुळाशी पांढरट दाणे चिकटलेले दिसले तर त्या उवांच्या लिखा.

अंडी कमी झाली याची काळजी सर्वांत शेवटी का, ते हिशेबाने पाहा. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, बारा-पंधराची एक पाळी आणि मग खुडूक. गिरीराज एकशे तीस ते दीडशे. तुमच्या आठ गावठी आणि चार गिरीराज मिळून वर्षाला अकराशेच्या आसपास, म्हणजे रोजची सरासरी तीन. मे महिन्यातली पाच-सहा ही चढती पाळी होती. आता ढगाळ उजेड, पावसामुळे फिरणं बंद आणि दोघी खुडूक, अशात दोन अंडी मिळणं हा रोग नव्हे. खुराड्यात दिवा लावून दिवस लांबवण्याचा उपाय लेयरच्या, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या जातीच्या, कोंबडीला लागू पडतो. गावठीला तो करून अंडी फारशी वाढत नाहीत, तिची विश्रांती तेवढी मोडते. करू नका.

मऊ कवच मात्र दुरुस्त करायला हवं, कारण अंडी खाण्याची सवय तिथूनच लागते. कवच बहुतेक रात्री तयार होतं. त्या वेळी पोटात चुनखडी नसेल तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते आणि तेही पुरलं नाही की कवच पातळ पडतं. भात, कणी, कोंडा यांत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. तुमच्याकडे तिसऱ्या आणि कालवांची शिंपं फुकट मिळतात. ती धुऊन, चुलीत भाजून, तांदळाच्या दाण्याएवढी जाडसर कुटा. पीठ करू नका. जाडी भरड पोटात रात्रभर टिकून हळूहळू विरघळते, पीठ लगेच निघून जातं. ही भरड खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत कायम ठेवा. अंड्यावर असलेली कोंबडी हवी तेवढी घेते, कोंबडा फारसा शिवत नाही. घरातली अंड्यांची टरफलंही चालतात, पण तव्यावर भाजून चुरा करून. अर्धी टरफलं तशीच टाकली तर तुम्हीच त्यांना अंडं फोडायला शिकवता.

खाद्य बंद जागेत पूर्ण तुम्हालाच घालावं लागेल: गिरीराजला दिवसाला शंभर ग्रॅम, गावठीला पन्नास-साठ, कोंबडे धरून एकूण साधारण एक किलो. दहा किलो मिश्रण असं करा: मक्याचा भरडा साडेचार किलो, कणी आणि तांदळाचा कोंडा एकेक किलो, सोयाबीनची पेंड दोन किलो, जवळ्याची सुकट सहाशे ग्रॅम, शिंपल्याची भरड साडेसहाशे ग्रॅम, पशुखाद्याच्या दुकानातलं खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम आणि मीठ तीस ग्रॅम. सुकट खारवलेली असेल तर मीठ अजिबात नको. शेंगदाण्याची पेंड स्वस्त पडते, पण पावसाळ्यात टाळा. तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. एका वेळी दहा-बारा दिवसांचंच मिश्रण करा, पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. कुबट वास आला तर मोह न धरता फेकून द्या.

अंडी खाणाऱ्या कोंबडीला ओळखायचं तर सकाळी चोची पाहा, पिवळा बलक सुकून चिकटलेला असतो. त्याआधी खात्री करा की ही कोंबडीच आहे. टरफलाचे तुकडे आणि ओला डाग मागे राहत असेल तर कोंबडी किंवा मुंगूस. अंडं अख्खंच गायब होत असेल तर साप किंवा घोरपड. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड चौकोनी जाळी हवी, षट्कोनी पातळ जाळी मुंगूस फाडतो.

अंडी घालायला तीन खोकी ठेवा, प्रत्येक बाजूने फूटभर, अंधारी, खाली कोरडा पेंढा, आणि बसायच्या दांडीपेक्षा खालच्या उंचीला. खोकं दांडीपेक्षा उंच असलं की कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि घाण करतात. अंडी दुपारपर्यंत बहुतेक येऊन जातात, म्हणून दहा वाजता एकदा आणि दोन वाजता एकदा उचला. खोक्यात टेबल टेनिसचा चेंडू किंवा लाकडी अंडं ठेवा. चार दिवस टोचून काहीच मिळालं नाही की बहुतेक कोंबड्या सोडून देतात. पंधरा दिवसांनंतरही एखादी सोडत नसेल तर तिला वेगळं काढा, कारण तिचं पाहून बाकीच्या शिकतात.

खुडूक कोंबड्यांखाली आता अंडी ठेवू नका. आयांना लस नव्हती, म्हणून पिल्लांना आईकडून मानमोडीविरुद्ध काहीच मिळणार नाही. वर ओल्या तुसात रक्ती हगवण तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना हमखास गाठते. खुडूक मोडायला कोंबडी पाण्यात बुचकळणं, नाकातून पीस ओवणं असले प्रकार चालतात. कृपा करून ते करू नका. पोटाखालची ऊब तुटली की खुडूकपणा आपोआप जातो. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून फूटभर उंच टांगा, वारा खालून लागू द्या, पेंढा घालू नका, दाणा-पाणी भरपूर ठेवा. तीन-चार दिवसांत ती उठते आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. पिल्लं काढायची ती दसऱ्यानंतर. तेव्हा एकीखाली दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, आणि सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात तपासून आत शिरा न दिसणारी काढून टाकायची.

पुढचे पंधरा दिवस सकाळी खुराडं उघडताना दोन मिनिटं थांबा. कोण शेवटी बाहेर येतं, कोण पंख पाडून उभं राहतं, ते पाहा. दांडीखालची विष्ठा पाहा: तपकिरी आणि वर पांढरी टोपी ही नेहमीची, मधूनच येणारी चिकट, गडद तपकिरीही नेहमीचीच. हिरवट-पांढरी पातळ हगवण, तोंड उघडं ठेवून घरघरणं, मान वाकडी होणं किंवा पाय लुळा पडणं दिसलं तर ती कोंबडी लगेच लांब, वेगळी ठेवा, तिचं दाणा-पाणी सर्वांत शेवटी करा आणि दवाखान्याला फोन करा. रात्री प्रत्येकीच्या गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपा. सगळ्यांची भरलेली आणि एकीचीच रिकामी असेल तर तिच्यावर नजर ठेवा. बाहेरची लक्षणं बहुधा त्यानंतर दिसतात.

दोन कोंबडे बारा कोंबड्यांना जास्त आहेत, एक पुरतो. कोंडलेल्या जागेत दोघे झुंजतील आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातील, तेव्हा एकाला आजपासूनच जाळीपलीकडे ठेवा. आषाढ संपायच्या आत कोंबड्याला भाव चांगला येतो, पण शेजारी मानमोडी असताना तो बाजारात नेऊ नका. वरच्या वाडीतली शेवटची कोंबडी मेल्यापासून महिना जाऊ द्या, आणि मगच विका.